अजून दुधाचे दात पडायचेत

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एकावर कॅप आहे. फोटोत कळत नाही, पण मला रोज कळतं. चौथीत असताना माझे हे दात इतके पुढे होते की ओठ मिटायला मुद्दाम प्रयत्न करावा लागायचा. आई दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. “अजून दुधाचे दात पडायचेत. सगळे पडू देत, मग तारा लावू,” ते म्हणाले. सगळे पडायच्या आत मीच पडलो, सायकलवरून. दात अर्धा तुटला.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. माझी भाची आठ वर्षांची आहे आणि तिचे दात थेट मामावर गेलेत. एक डॉक्टर म्हणतात आत्ताच सुरू करा, दुसरे म्हणतात बाराव्या वर्षापर्यंत थांबा. “तू काय म्हणतोस?” मी डॉक्टर नाही. मग मला जे जमतं ते केलं. हा प्रश्न आधी कुणाकुणाला पडला होता, ते वाचत बसलो.

प्रश्न दोन हजार वर्षं जुना निघाला. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने सांगून ठेवलंय की दुधाचा दात पडायच्या आत नवा उगवला, तर जुना काढून टाका आणि नवा रोज बोटाने दाबत जागेवर आणा. ऐकायला आजीच्या बटव्यातलं वाटतं, पण यामागचं तत्त्व आजही तेच आहे. दातावर हलका दाब सतत राहिला, तर दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागच्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार यांनी बोटाच्या जागी घोड्याच्या नालेसारखी धातूची पट्टी आणली. वाकडे दात ते तिला दोऱ्याने बांधत.

पण दात सरकवणं वेगळं आणि जबडा वाढवणं वेगळं. सगळा वाद या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

१८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांनी चौदा-साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या दातांमध्ये आडवा स्क्रू बसवला आणि तो थोडा थोडा फिरवत नेला. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांमध्ये फट पडली. टाळूचं हाड दोन भागांचं असतं, मध्ये शिवण असते आणि वाढत्या वयात ती पक्की झालेली नसते. एंजेल यांचं म्हणणं होतं की ती शिवणच उघडली. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. दाखवायला एक्स-रे नव्हता. त्याचा शोध लागायला अजून ३५ वर्षं होती. आज अरुंद टाळू रुंद करायला मुलांना जे एक्सपान्डर लावतात, ते याच कल्पनेचं पुढचं रूप.

मग आले एडवर्ड अँगल. १८९९ मध्ये त्यांनी वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले आणि त्यासाठी खूण धरली सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेची. डॉक्टर आजही तीच भाषा बोलतात. अँगल यांचा हट्ट होता की एकही दात काढायचा नाही. सगळे दात ओळीत आणले की हाड त्यांच्याभोवती आपोआप घडतं. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना स्वतःच्या रुग्णांमध्ये हे खरं ठरताना दिसेना. त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं, काही दात काढून पुन्हा फुकट उपचार केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांचे निकाल सगळ्यांपुढे मांडले. गुरूला खोटं ठरवण्याआधी स्वतःची चूक कबूल करणारा हा माणूस मला फार आवडला.

युरोपात वेगळीच वाट निघाली, तीही एका बापामुळे. डेन्मार्कचे विगो आंद्रेसन यांनी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीला निघाली तेव्हा तिच्या दातांवरचं पक्कं उपकरण काढून एक सैल, काढता-घालता येणारं उपकरण दिलं. दात मागे फिरू नयेत, एवढाच हेतू. ती परत आली तेव्हा दोन्ही जबड्यांचा मेळ आणखी सुधारला होता. त्यातून ‘ॲक्टिव्हेटर’ आला. खालचा जबडा पुढे धरायचा आणि वाढत्या स्नायूंकडून काम करून घ्यायचं. १९७७ मध्ये स्कॉटलंडमध्ये विल्यम क्लार्क यांनी याच विचारातून ‘ट्विन ब्लॉक’ बनवला. तो आज आपल्याकडेही मुलांना लावतात.

आता कळीचा प्रश्न: लवकर लावला तर जबडा जास्त वाढतो का? याचं उत्तर मतांनी नाही, चिठ्ठ्या टाकून मिळालं. नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांत पुढे आलेले दात असलेल्या मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. काहींवर उपचार लगेच, काहींवर नंतर. ब्रिटनच्या अभ्यासात ८ ते १० वर्षांची १७४ मुलं होती. सुरुवातीला लवकरच्या गटात फरक दिसला, मुलांना स्वतःबद्दल बरंही वाटू लागलं. पण किशोरवयात सगळ्यांचे उपचार पूर्ण झाल्यावर दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. लवकर सुरू केलेल्यांना तारा चुकल्या नाहीत. उलट उपचार लांबले.

एक फरक मात्र उरला. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात पडून-आपटून दुखावण्याचं प्रमाण कमी होतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. जीभ आपोआप कॅपवर गेली.

ताईला मी ‘लाव’ किंवा ‘थांब’ असं काही सांगितलं नाही. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवावं, असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. पण दाखवणं म्हणजे लगेच उपचार नव्हे. डॉक्टरांना दोन गोष्टी विचार, म्हटलं. चावताना वरच्या दाढा खालच्यांच्या आत जातात का? कारण टाळू अरुंद असेल तर वाट पाहण्यात तोटा आहे. आणि दात नक्की किती पुढे आहेत?

“आणि तिसरी गोष्ट तू मला सांग,” मी म्हटलं. “ती दिवसभर काय खेळते?”

“स्केटिंग. आणि रोज पडते.”

माझ्या डॉक्टरांचा सल्ला तसा चुकीचा नव्हता. फक्त तोवर मी सायकल चालवणार आहे का, हे त्यांनी विचारलं नव्हतं.