रस्त्यावरच्या माणसाचा फोटो

विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये शहरातल्या जातीजमातींचा चित्रसंग्रह दोन खंडांत काढला. दुसरा खंड महाराष्ट्रातल्या लोकांचा. त्यातली चित्रे बारकाईने पाहिली की एक गोष्ट खटकते. माणसांचे पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत, आणि अंगावरच्या उजेडाचा मागच्या देखाव्याशी मेळ बसत नाही. कारण ही मंडळी तिथे उभी राहिलेलीच नव्हती. त्यांचे फोटो स्टुडिओत काढले, बाहेरच्या दृश्याचे वेगळे काढले आणि दोन्ही एकत्र जोडले. खाली जातीचे नाव घातले. माणसाचे नाही.

मुंबईत छायाचित्रणाची हौस लवकर रुजली होती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. हौस होती, शिकवणारे होते, गिऱ्हाईकही होते. तरीही भर बाजारातली वर्दळ फोटोत येत नव्हती.

अडचण काचेची होती. त्या काळी काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधारात नेऊन धुवायचीही. मुंबईच्या उन्हाळ्यात काच बघता बघता सुकायची, म्हणून काळोखा तंबू बरोबर न्यावा लागे. एवढे करूनही भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात हमाल निघून जाई, बैलगाडी पुढे सरके, आणि काचेवर उरे एखादा धुरकट पट्टा. त्या पिढीच्या फोटोंत रस्ते ओस दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, जुनी मुंबई किती निवांत होती! ती निवांत नव्हती. चालणारा माणूस काचेला दिसत नव्हता, इतकेच.

कोरड्या काचा आल्या, मग फिल्मची गुंडाळी आली, 1925 मध्ये हातात मावणारा लायका आला आणि हे बंधन सुटले. पण मुंबईचा रस्ता फोटोत खऱ्या अर्थाने भरून आला तो चळवळीमुळे. सविनय कायदेभंगाच्या काळातला, 1930-31 सालचा एक आल्बम आज अल्काझी संग्रहात आहे. त्यावर के. एल. नर्सी हे नाव आहे. पानोपानी मुंबईचे रस्ते आणि मैदाने, आणि त्यांत माणसेच माणसे. मोर्चात चालणाऱ्या बायका, झेंडे, गांधी टोपीतले स्वयंसेवक, समोर पोलीस. जॉन्सनच्या संग्रहात बाई पोशाख दाखवण्यासाठी उभी केलेली असे. इथे ती रस्ता अडवून उभी आहे. मुंबईच्या रस्त्यावरच्या छायाचित्रणाची सुरुवात कुठून धरायची, असे विचारले तर बोट या आल्बमकडेच दाखवावे लागेल. त्यातल्या बहुतेक चेहऱ्यांची नावे मात्र आज सांगता येत नाहीत.

त्याच दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला शहरात कॅमेरा घेऊन फिरू लागल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावावर छापले गेले. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन उभी आहे, म्हणजे उगाच काहीतरी खेळते आहे, अशी लोकांची समजूत होई. त्यामुळे त्यांना कोणी अडवत नसे.

बाहेरून आलेल्यांनीही मुंबई टिपली. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँने 1947 मध्ये परळच्या गिरणगावातले ज्योतिषाचे दुकान टिपले. अमेरिकेच्या मेरी एलन मार्कचा अनुभव अधिक बोलका आहे. ती 1968 पासून फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत फोटो काढू पाहत होती, आणि तिथल्या बायका तिच्यावर कचरा आणि पाणी फेकत. 1978 मध्ये ती पुन्हा गेली, रोज जात राहिली, शिव्या खाल्ल्या आणि हळूहळू काही बायकांशी तिची ओळख झाली. या फोटोंच्या तिच्या पुस्तकाबद्दल मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण तो कचरा फेकणे हेही उत्तरच होते: आम्हाला विचारल्याशिवाय आमचा फोटो काढायचा नाही.

रघुबीर सिंग यांनी मुंबई रंगात पाहिली. 1994 च्या त्यांच्या पुस्तकात दुकानांच्या काचा, आरसे आणि गर्दी एकमेकांत मिसळतात. केतकी शेठ यांचे 2007 चे 'बॉम्बे मिक्स' कृष्णधवल आहे. रघु राय यांनी 1995 मध्ये चर्चगेट स्थानकात काढलेला फोटो तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. लोकलमधून उतरलेली गर्दी नुसती वाहते आहे, धूसर, चेहऱ्याविना. आणि त्या लोंढ्यात बसून वर्तमानपत्र वाचणारा माणूस मात्र स्पष्ट. शटर मुद्दाम जास्त वेळ उघडे ठेवले आहे. जुन्या काचांच्या काळात जो दोष होता, त्याचाच इथे गर्दी दाखवण्यासाठी उपयोग झाला.

आज मुंबईत दिवसभर फोटो काढायचे ठरवणारे बहुधा पहाटे ससून डॉकच्या बाजूला जातात. 1875 साली बांधलेली ही गोदी. मासळीचा लिलाव, बर्फाचे ढीग, कोळंबी सोलत बसलेल्या बायका. अनुभवी माणूस आधी विचारतो, "मावशी, एक फोटो काढू का?" आणि नकार आला की कॅमेरा खाली घेतो. मग क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, दुपारच्या उन्हात ताडपत्रीखालची सावली, संध्याकाळी चर्चगेट. मार्ग चांगला आहे, पण तो शहर जागे असतानाचा आहे; शहराची घाण उपसणारी माणसे त्यावर सहसा भेटत नाहीत. सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम वर्षानुवर्षे टिपले: गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस. त्यांच्या घरांपर्यंत ते गेले. ओलवे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या रस्त्याचे यापेक्षा महत्त्वाचे छायाचित्रण झालेले नाही.

आणि गेटवेवरचे फोटोग्राफर? गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्यांचे फोटो, "साहेब, अर्जंट फोटो!" मोबाइल येण्याआधी कितीतरी घरांतला मुंबईचा एकुलता एक फोटो यांनीच काढलेला असे. आता ते पिशवीत छोटा प्रिंटर बाळगतात. त्यांची नावे पुस्तकांत सहसा सापडत नाहीत.

या शहराचे हजारो फोटो गिरगाव, लालबाग, दादरच्या घरांत पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. दमट हवेत जुनी फिल्म खराब होते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. असा डबा घरात असेल तर तो रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, आणि घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: कुठला रस्ता, कुठले साल, कोण उभे आहे आणि फोटो कोणी काढला.