स्थळावरून कुळाचा शोध

नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा हरिद्वार येथे यात्रेकरू उतरला म्हणजे तीर्थोपाध्याय त्यास प्रथम गाव विचारतो. प्रांत कोणता, गाव कोणते, हे कळल्यावर मग ज्ञाती व आडनाव. आणि सर्वांच्या शेवटी आजा-पणजाचे नाव. याचे कारण असे की, उपाध्यायांच्या वह्या बहुधा गावांच्या अनुक्रमाने लावलेल्या असतात. त्या गावाहून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यजमानांची नावे एकाच ठिकाणी मिळतात. आजाचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळे घराण्यात तीच नावे फिरून फिरून येतात, परंतु गाव आपल्या जागेवरून हलत नाही, ही गोष्ट या मंडळींस पिढीजात अनुभवाने पक्की ठाऊक झालेली होती.

घरोघरी जपलेल्या वंशावळीची मांडणी मात्र याच्या उलट असते. मूळपुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र, अशी ती झाडासारखी उतरत जाते. विसाव्या शतकात अनेक महाराष्ट्रीय घराण्यांनी मोठ्या परिश्रमाने कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध केले, त्यांतही मुख्य सूत्र हेच. व्यक्ती ही मुख्य, आणि गाव हे तिच्या नावामागचे एक विशेषण. असल्या वंशावळीत लग्न होऊन गेलेली मुलगी पुष्कळदा गळते, घरात आलेली सून केवळ नावापुरती उरते, आणि शेजारी, साक्षीदार, भाडेकरू यांची तर गोष्टच नको.

हल्ली वंशावळी संगणकावर लिहिण्याचा प्रघात पडला आहे. त्यासाठी तयार केलेल्या साधनांपैकी ग्रॅम्प्स हे २००१ साली सुरू झालेले सॉफ्टवेअर कोणासही विनामूल्य वापरता येते. त्यात व्यक्ती, घटना आणि स्थळ या तिन्हींच्या नोंदी स्वतंत्र ठेवतात. जन्म, विवाह, मृत्यू, जमिनीची खरेदी ही प्रत्येक एक घटना. ती एका बाजूने माणसांशी व दुसऱ्या बाजूने स्थळाशी जोडलेली. अर्थात यंत्रास जसे 'या माणसाच्या आयुष्यात काय काय घडले?' असे विचारता येते, तसेच 'या गावी कोणाकोणाचे काय काय घडले?' असेही विचारता येते. दुसरा प्रश्न हा तीर्थोपाध्यायाचाच प्रश्न होय. परंतु त्याचे पुरे उत्तर हवे असेल तर गाव म्हणजे काय, याचा निर्णय आधी करावा लागतो. आणि तो दिसतो तितका सोपा नाही, हे बोरीवलीच्या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

पहिली अडचण लेखनाची. कोणी बोरीवली लिहितो, कोणी बोरिवली. मनुष्य दोन्ही सारखेच वाचतो; यंत्रास मात्र ती दोन गावे वाटतात. दुसरी अडचण सरकारी विभागणीची. बोरीवली ज्या साष्टी बेटावर आहे, ते १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकले, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतले. पुढे ते ठाणे जिल्ह्यात मोडू लागले. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९५७ मध्ये बोरीवली बृहन्मुंबईत आली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा करण्यात आला. आता समजा, एका घरात पणजोबा १९०५ साली, आजोबा १९३० साली आणि नातू १९९५ साली जन्मले, आणि तिघेही त्याच एका ओसरीशेजारच्या खोलीत जन्मले. तरी कागदोपत्री पहिल्याचे जन्मस्थान 'बोरीवली, ठाणे जिल्हा, मुंबई इलाखा' असे पडावयाचे, आणि तिसऱ्याचे 'बोरीवली, मुंबई उपनगर जिल्हा, महाराष्ट्र' असे.

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात नेण्यासाठी १९८४ पासून जेडकॉम नावाची एक पद्धत रूढ आहे. तिच्यात स्थळ हे बहुधा असेच एका ओळीत, लहानाकडून मोठ्याकडे, स्वल्पविराम देऊन लिहितात. ओळ बदलली की स्थळ बदलले, असा तिचा हिशेब. म्हणून बाहेरून आणलेल्या माहितीत एकाच बोरीवलीच्या चार-पाच बोरीवल्या होऊन बसतात, आणि एकीस विचारले तर उरलेल्या गप्प राहतात.

तिसरी अडचण याहून खोल आहे. स्थळांची नावेच काळाबरोबर बदलतात. कान्हेरीच्या एका कोरीव लेखात मंगलस्थान येथील शेत दान दिल्याचा उल्लेख असून तेच आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. मंडपेश्वराच्या लेण्यावर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च व मठ उभारले, तेव्हा पोर्तुगीज कागदांत त्या जागेचे मोंत पेझीर झाले, आणि इंग्रजीत माउंट पॉइन्सुर. ज्या कुटुंबाचे विधी त्या चर्चमध्ये झाले त्याच्या कागदांत एक नाव, आणि ज्याचे नवस मंडपेश्वराच्या पिंडीपुढे फेडले गेले त्याच्या आठवणीत दुसरे. डोंगर मात्र एकच. उलटपक्षी जवळच पोयसर नावाचे वेगळे गाव आहे, आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात पडघ्याजवळ दुसरी बोरिवलीही आहे. तेव्हा नाव निराळे म्हणून स्थळ निराळे समजू नये, तसेच नाव सारखे म्हणून स्थळ एक समजू नये. दोन्ही चुका सारख्याच घातक.

यावर उपाय असा की, स्थळाची नोंद एकच ठेवावी. तिच्या पोटात सर्व नावे, ती ज्या काळात चालत होती त्या सनांसह, लिहावीत. आणि ते स्थळ कोणत्या मोठ्या स्थळात केव्हापासून केव्हापर्यंत मोडत होते, हेही सनांसह नोंदवावे. ग्रॅम्प्समध्ये अशी सोय आहे. एकाच स्थळाच्या दोन नोंदी झाल्या असतील, तर त्या एकत्रही करता येतात. त्यानंतर ती नोंद उघडून संदर्भांचे पान पाहिले म्हणजे त्या स्थळास जोडलेल्या घटना समोर येतात. मात्र येथे एक खुबी ध्यानात ठेवावी. त्या पानावर थेट बोरीवलीस जोडलेल्या घटनाच दिसतात. एकसर, शिंपोली, वझिरा, मागाठाणे अशा पोटगावांस जोडलेल्या घटना तेथे येत नाहीत. त्या हव्या असतील तर 'या स्थळाच्या पोटात मोडणारी सर्व स्थळे' अशी चाळणी प्रथम लावावी, आणि मग त्या चाळणीतून घटना गाळून घ्याव्यात.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कान्हेरीच्या लेण्यांत दगडावर कोरलेले आहे. बोरीवलीच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात ही शंभरांहून अधिक लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांनी आपली व आपल्या आप्तांची नावे, आणि आपण कोठले राहणार हे लिहून ठेवले आहे. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, भिक्षुणी व गृहिणीही आहेत. पाण्याच्या एका टाक्याजवळील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा निर्देश असून ती कार्दमक कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती, असे तो सांगतो. तो महाक्षत्रप रुद्रदामन होय, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे.

पुराणांतील आंध्र राजांच्या वंशावळीत या राणीस जागा नाही. तेथे केवळ राजांची नावे आणि वर्षे. तिकडे जुनागढच्या इ. स. १५० च्या सुमाराच्या शिलालेखात रुद्रदामन म्हणतो की, सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, पण नाते दूरचे नसल्यामुळे त्याचा नाश केला नाही. ते नाते कोणते, याचा उलगडा व्हावयास कान्हेरीचे टाकेच उपयोगी पडले. दोन राजकुळांमधला हा सांधा वंशावळीत सापडला नसता. तो स्थळात सापडला.

त्याच डोंगरातील आणखी नोंदी पाहाव्या. शिलाहार राजा पुल्लशक्ती आणि त्याचा पुत्र कपर्दी यांच्या काळचे नवव्या शतकातले लेख येथे आहेत. त्यांतील एकात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने दान दिल्याचे लिहिले आहे. पुढे इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी प्रवाशांनी येथे पहलवी लिपीत आपली व आपल्या वडिलांची नावे कोरली. सातवाहनांची सून, बंगालचा उपासक आणि पारशी प्रवासी यांस एका झाडावर बसवील अशी वंशावळ जगात नाही; परंतु स्थळाच्या एका पानावर ते सहज एकत्र येतात. आणि एकसरच्या वीरगळांवर तर घटना आहे, स्थळ आहे, पण माणसाचे नाव नाही. जहाजांची लढाई कोरलेली आहे. पडलेले वीर कोण, हे दगड सांगत नाही. नाव नाही म्हणून ती घटना वगळावी काय? व्यक्तीवरून शोधणाऱ्यास ती कधीच भेटणार नाही.

स्थळांच्या क्रमाने इतिहास लावण्याची ही कल्पना ग्रंथकारांसही नवी नव्हती. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा एक संबंध खंड गावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये 'महिकावतीची बखर' छापली, तिचे महत्त्वही याच कारणाने मोठे. उत्तर कोकणातील कोणते कूळ कोणत्या गावी वसले, हे तीवरून शोधता येते.

घरगुती वंशावळीतही हाच न्याय लागू पडतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. त्यामुळे बोरीवलीच्या लेकीचे पहिले मूल बोरीवलीत जन्मते, पण आडनाव लावते दादर-गिरगावच्या घराण्याचे. आडनावावरून शोधू गेल्यास ते मूल व त्याची आई दोघेही हातून सुटतात. गावावरून शोधले तर ती लेक आपल्या घरी परत येते. उलट, बाहेरून आलेली माणसेही अशीच सापडतात. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि मुंबईची नोकरी सांभाळून येथे राहणे सुकर झाले. अशा बिऱ्हाडांची मुळे रत्नागिरीत वा साताऱ्यात असतील, पण त्यांची बारशी, लग्ने आणि मरणे येथलीच. '-कर' लावणारे आडनाव सुटलेल्या गावाची खूण सांगते. राहत्या गावाची साक्ष घटनाच देतात.

आज एकसर, वझिरा येथील जुनी गावठाणे उंच इमारतींच्या वेढ्यात आहेत. कित्येक पाखाड्यांची, विहिरींची व शेतांची नावे आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरली आहेत. त्यांच्याकडून पूर्वजांची नावे विचारून घेणारे नातू पुष्कळ आहेत. पण ते पूर्वज नेमके कोणत्या जागी राहिले, हे विचारणारे थोडे. माणसाचे नाव एखाद्या दाखल्यावर, खरेदीखतावर पुढेमागे मिळू शकेल. शेताच्या बांधाचे नाव एकदा विसरले गेले, म्हणजे त्यास जोडलेल्या सर्व घटना निराधार होतात. तेव्हा ज्यास आपल्या कुळाचा इतिहास लिहावयाचा आहे, त्याने तीर्थोपाध्यायाचा जुना क्रम उचलावा, आणि पहिले पान गावास द्यावे.