नाताळची भेट आणि स्वमग्न बालक

नाताळच्या सुटींत मुंबईचीं कुटुंबें नेरळास उतरतात तीं माथेरानच्या छोट्या गाडीसाठीं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं बांधविलेला हा दोन फुटी लोहमार्ग १९०७ सालीं सुरू झाला. एखादें मूल मात्र गाडींत बसण्यापेक्षां तिचीं चाकें न्याहाळण्यांतच रमतें, आणि आईबाप ओशाळतात. ओशाळण्याचें कांहीं कारण नाहीं.

बाल्टिमोरचे बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ स्वमग्न मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतला पहिला डोनाल्ड. पुऱ्या पोशाखांतल्या नाताळबाबाकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तिचाकी सायकलीची त्याला धास्तीच होती. ठोकळे आणि पातेलीं मात्र तो भोवऱ्यासारखीं फिरवीत बसे. मोठ्यांची हौस सायकलींत, मुलाची स्वयंपाकघरांत!

तेव्हां दुकानांत शिरण्यापूर्वीं मूल न्याहाळावें. पेटीवर छापलेल्या वयाला फारसें महत्त्व देऊं नये. किंचाळणारें, लुकलुकणारें यंत्र कित्येक स्वमग्न मुलांस असह्य होतें. त्यापेक्षां सावंतवाडीचा लाकडी भोवरा किंवा चार डब्यांची साधी गाडी बरी. गुंडाळलेल्या वस्तूचें गूढहि कांहींना नकोसें वाटतें. अशांना भेट उघडीच द्यावी, आणि गाडी उलटी धरून मूल नुसतीं चाकेंच फिरवूं लागलें तर फिरवूं द्यावें.