मंगळ, फिल्मची डबी आणि एक जुना वेबकॅम

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच निरोप येतो. २७ ऑगस्टच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा योग पुन्हा आपल्या नातवंडांनाही लाभणार नाही, सर्वांना कळवा. मीही दरवर्षी तेच उत्तर लिहितो, आणि पुढच्या ऑगस्टला निरोप पुन्हा येतो.

निरोप खोटा आहे, पण त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळी फिरलेल्या ईमेलमध्ये म्हटले होते की ७५ पट मोठे करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हे बरोबरच होते. पुढे पाठवताना कुणीतरी वाक्याचा दुर्बिणीचा तुकडा गाळला आणि उरलेला अर्धा अजून फिरतो आहे.

त्या वर्षी मी बी.एड. करत होतो. एका शाळेच्या मैदानावर रांगेत उभा राहून दुर्बिणीला डोळा लावला, तेव्हा उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा एक थरथरणारा नारिंगी मणी दिसला. काही दिवसांनी मित्राने इंटरनेटवरची चित्रे दाखवली. त्यांत मंगळाच्या दक्षिण ध्रुवाची पांढरी टोपी स्वच्छ दिसत होती, काळसर प्रदेशांच्या कडा दिसत होत्या. मला वाटले ही नासाची चित्रे. पण ती हौशी माणसांनी आपल्या अंगणातून, संगणकावर गप्पा मारायच्या वेबकॅमने काढलेली होती. तेव्हापासून या वेबकॅमचा इतिहास माझ्या डोक्यात घर करून आहे.

अडचण होती हवेची. ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचताना वातावरणाच्या गरम-थंड थरांतून वाकडातिकडा होतो. मधूनच हवा क्षणभर स्तब्ध होते आणि सगळे तपशील लख्ख दिसतात. डोळा तो क्षण टिपतो, म्हणून ग्रहांचे निरीक्षक पिढ्यान्‌पिढ्या कागद-पेन्सिल घेऊन दुर्बिणीपाशी बसत. फिल्मला मात्र पुरेसा प्रकाश मिळायला काही क्षण उघडे राहावे लागे. तेवढ्यात ग्रह अनेकदा थरथरे आणि फोटो पुसट येई. चांगल्या निरीक्षकाचे रेखाटन फोटोपेक्षा सरस, अशी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थिती होती.

यावरचा उपाय कागदावर आधीच मांडला गेला होता. १९७८ मध्ये डेव्हिड फ्राइड या अमेरिकी शास्त्रज्ञाने हिशेब केला की अतिशय कमी वेळात टिपलेली पुष्कळ चित्रे घेतली तर त्यांतली काही नशिबाने स्थिर निघतात. दुर्बिणीचा व्यास हवेच्या शांत तुकड्याच्या सातपट असेल, तर त्यांच्या सूत्राप्रमाणे सुमारे साडेतीनशे चित्रांत एक उत्तम निघते. म्हणजे झपाट्याने हजारो चित्रे घेणारा कॅमेरा हवा. तो सामान्य माणसाला परवडणारा नव्हता.

तो आला भलत्याच दारातून. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात, कॉफीच्या भांड्यात कॉफी शिल्लक आहे का हे जागेवरून न उठता कळावे, म्हणून भांड्यासमोर कॅमेरा लावला गेला. १९९३ मध्ये तो इंटरनेटवर आला. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने क्विककॅम बाजारात आणला. किंमत शंभर डॉलर, चित्र काळेपांढरे, ३२० बाय २४० ठिपक्यांचे, राखाडी रंगाच्या सोळा छटांचे. ग्रहांसाठी तो कुणीच बनवला नव्हता. पण काही हौशी लोकांनी त्याचे भिंग काढून त्याला दुर्बिणीत बसवले. त्यांच्या गटाच्या नावातच क्विककॅम होता. सर्किट कसे उघडायचे, कुठली तार कुठे जोडायची, हे ते एकमेकांना फुकट सांगत. स्टीव्ह चेंबर्स यांनी वेबकॅमच्या सर्किटमध्ये बदल करून लांब एक्स्पोजर घेण्याची युक्ती काढली. ती अंधुक तेजोमेघांच्या कामाची होती. ग्रह पुरेसे तेजस्वी असतात, त्यांना या बदलाची गरज नसते.

मग निवड कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. या शतकाच्या सुरुवातीला बाजारात डझनावारी वेबकॅम होते, पण ग्रहवाल्यांनी पसंत केला फिलिप्सचा टूयूकॅम प्रो. त्याची कारणे जाहिरातीत नव्हती. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त वेबकॅममध्ये सीमॉस सेन्सर असे, आणि कमी प्रकाशात त्याचे चित्र खरखरीत येई. टूयूकॅममध्ये सोनीचा सीसीडी सेन्सर होता. चित्र फक्त ६४० बाय ४८०, म्हणजे आजच्या हिशेबात मेगापिक्सेलचा तिसरा हिस्सा. पण ग्रह आकाशात एवढासा असतो की त्याला मोठा पडदा लागत नाही. पिक्सेल ५.६ मायक्रॉनचे होते, एक्स्पोजर हाताने ठरवता येत होते, आणि भिंग आटे फिरवून सहज निघत होते. मोठ्या आकड्यांना न भुलता कामाचे गुण ओळखणे, ही त्या लोकांची पहिली हुशारी.

दुसरी हुशारी जुळवणीतली. कॅमेरा एका सेकंदात पुष्कळ फ्रेम देतो असे सांगितले जाई. पण जुन्या यूएसबी जोडणीतून एवढी माहिती जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा चित्र दाबून, तपशील गाळून पाठवतो. जाणकार त्याला पाच किंवा दहा फ्रेमवर चालवत. भिंगासोबत अवरक्त किरण अडवणारी काचही निघून जाते आणि रंग बिघडतात, म्हणून तशी काच वेगळी लावत. आणि हजारो फ्रेम निवडायच्या कशा? २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कॉर बेरेफूट्स यांनी रेजिस्टॅक्स हे सॉफ्टवेअर तयार करून फुकट वाटले. ते फ्रेमची प्रत लावते, चांगल्या तेवढ्या एकावर एक रचते. शंभर फ्रेम रचल्या की खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर तयार होते, आणि पुढच्याच वर्षी मंगळ जवळ आला.

हे सगळे मी वाचले होते, हाताने केले नव्हते. शाळेला एका मित्राने सहा इंची दुर्बीण दिली, तिचे केंद्रांतर १२०० मिलिमीटर. मी भाषेचा मास्तर, पण ती सांभाळायला माझ्याकडेच आली. जुन्या बाजारातून एक वेबकॅम आणला. त्याचे भिंग डिंकाने चिकटवलेले निघाले. मी पक्कड लावली आणि आतल्या सेन्सरची काच तडकवली. दुसऱ्या वेळी शहाणपण आले. आधी मॉडेल शोधले, मग वस्तू. जुना टूयूकॅम मिळाला. पण नव्या लॅपटॉपने त्याला ओळखलेच नाही, शेवटी प्रयोगशाळेतला टाकून दिलेला संगणक बाहेर काढला.

दुर्बिणीची नेत्रिका सव्वा इंच व्यासाची असते. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मची प्लास्टिकची डबीही जवळपास तेवढीच असते. डबीचा तळ कापून ती भिंगाच्या जागी चिकटवली, की कॅमेरा दुर्बिणीत बसतो. ही युक्ती जगभरच्या हौशी लोकांनी वापरली आहे. आम्हाला डबी मिळाली ती मोहल्ल्यातल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून.

पुढचा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. आमच्या दुर्बिणीत गुरूचे बिंब सेन्सरवर फक्त ४७ पिक्सेल रुंद पडते. तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले की १४०. पण मग कॅमेऱ्याला दिसणारे आकाश चंद्राच्या नवव्या हिश्श्याएवढे उरते, आणि आमच्या दुर्बिणीला मोटर नसल्याने गुरू चौदा सेकंदांत पडद्यावरून निघून जातो. पहिल्या रात्री तो सापडला तेव्हा नुसता पांढरा गोळा होता, कारण काळ्या आकाशाकडे पाहून कॅमेऱ्याने आपोआप एक्स्पोजर वाढवले होते. ते हाताने कमी केले आणि पट्टे उमटले. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, म्हणून सगळे चित्रण दोन-तीन मिनिटांत उरकावे लागते. चार वेळा त्याला पकडले, साधारण पाचशे फ्रेम मिळाल्या. त्यांतल्या शंभर ठेवल्या.

नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, चारशे फेकून द्यायच्या? एवढी मेहनत केली ना आपण."

मी म्हणालो, "बेटा, फेकणे हीच मेहनत आहे."

तिला ते पटले नाही, आणि मलाही बोलून झाल्यावर त्याचा पुरता अर्थ कळायला काही दिवस लागले. आमच्या ग्रुपवर मंगळाच्या जोडीने आणखी एक निरोप फिरतो. 'कॅमेरा' हा शब्द आपल्या 'कमरा'वरून आला आणि कॅमेरा मुसलमानांनी शोधला. उर्दू शिकवणारा म्हणून हा निरोप मला जास्त टोचतो. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. उर्दूतला 'कमरा'च युरोपीय भाषांतून, पोर्तुगिजांच्या वाटेने आपल्याकडे आला. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने १६०४ मध्ये वापरले.

त्या निरोपात इब्न अल-हैसमचे नाव असते, आणि त्याची खरी थोरवी मात्र गाळलेली असते. सुमारे हजार वर्षांपूर्वी, बसऱ्यात जन्मून कैरोत राहिलेल्या या माणसाने ग्रहणाच्या आकारावर एक प्रबंध लिहिला. लहान छिद्रातून ग्रहणाच्या सूर्याची कोर उमटते आणि छिद्र मोठे केले की ती पुसट का होते, याचे विश्लेषण त्यात आहे. टॉलेमीला सगळे जग गुरू मानत असताना त्याने टॉलेमीवरच्या शंकांचा वेगळा ग्रंथ लिहिला. त्याचा वारसा सांगायचा तर तो शंका घेण्याचा आणि पडताळून पाहण्याचा आहे. खोटी व्युत्पत्ती चिकटवून त्याची उंची वाढत नाही.

वेबकॅमवाल्यांची गोष्ट मला म्हणून जवळची वाटते. त्यांतले बरेच जण पुढे औद्योगिक कॅमेऱ्यांकडे वळले, पण पद्धत तीच राहिली. २४ फेब्रुवारी २००६ रोजी फिलिपिन्सच्या सेबू शहरातून क्रिस्टोफर गो यांनी टिपले की गुरूवरचा एक पांढरा लंबगोल लाल झाला आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली यांना गुरूवर नवा काळा डाग दिसला. नासाच्या हवाईतल्या दुर्बिणीने खात्री केली, काहीतरी गुरूवर आदळले होते. वेस्ली पेशाने संगणक प्रोग्रामर. दोघांनी आपली चित्रे लगेच इतरांसमोर ठेवली, म्हणजे कुणालाही ती तपासता यावीत.

इतिहासाचेही तसेच असते. आपल्यापर्यंत येणाऱ्या हजार गोष्टींपैकी बऱ्याच हललेल्या असतात. आवडत्या आहेत म्हणून त्या ठेवल्या तर चित्र पुसट होते. आपल्या मुलांना आपण अभिमानाचे निरोप देतो, स्क्रू-ड्रायव्हर देत नाही, ही खरी चूक आहे.

त्या मुलीने आमच्या गुरूचे चित्र शाळेच्या फलकावर लावले. दोन पट्टे आणि डाव्या बाजूला एक चंद्र, बाकी फारसे काही नाही. खाली उर्दूत 'मुश्तरी' आणि मराठीत 'गुरू' लिहिले, मग तारीख, दुर्बिणीचे माप आणि शेवटची ओळ : घेतलेल्या फ्रेम ५००, ठेवलेल्या १००. येत्या ऑगस्टला निरोप आला की मी उत्तर लिहिणार नाही, त्या फलकाचा फोटो टाकणार आहे.