पहिली निवड, तळाचा संघ

जो संघ तळाला गेला, त्याला पुढच्या हंगामासाठी सर्वांत आधी खेळाडू निवडू द्यायचा, ही प्रथा अमेरिकन फुटबॉलने रूढ केली. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ती सुचवली, कारण नावाजलेले कॉलेज खेळाडू श्रीमंत संघांकडे जात आणि त्यांच्या संघाच्या वाट्याला उरलेसुरले येत. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात फळ्यावर ९० नावे लिहून पहिली निवड झाली. आदल्या हंगामात ११ पैकी ९ सामने हरलेल्या ईगल्सना पहिला मान मिळाला. त्यांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू जे बरवँगर याला निवडले. पण तो मागेल तेवढे पैसे देण्याची ईगल्सची ऐपत नव्हती. त्यांनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सना दिले, तिथेही रकमेवर एकमत झाले नाही, आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता बरवँगरने नोकरी धरली. पुढच्या हंगामात ईगल्स १२ पैकी ११ सामने हरले. दुबळ्याला आधी संधी देणे न्याय्यच आहे. पण नुसता पहिला मान मिळाल्याने दुबळा संघ उभा राहत नाही, हे या पहिल्याच निवडीने दाखवून दिले.

आपल्याकडे व्यावसायिक कबड्डीत निवड होते ती लिलावाने. तिथे तळाच्या संघाला अग्रक्रम नाही, पण खेळाडूला कुठे जायचे हे विचारले जात नाही, हे दोन्हीकडे सारखेच. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांत यू मुंबाकडे आला आणि पदार्पणातच चढाईचे २१८ गुण घेऊन गेला. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. त्याने आपले काम चोख केले, पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले. संघ मात्र बारांत अकरावा राहिला. पुढच्या हंगामात सिद्धार्थ दुखापतीने बाहेर पडला आणि टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. २०२३ मध्ये याच संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लावली. त्यानेही दोनशेच्या वर गुण घेतले, तरी टायटन्स तळाला. कारण मॅटवर उघड दिसते. चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत आणण्यासाठी सहकाऱ्यांनी गुण मिळवावे लागतात. बचावातले कोपरा आणि कव्हर कच्चे असले तर तो बसूनच राहतो.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकन फुटबॉलमधल्या पेटन मॅनिंगचे काय? इंडियानापोलिस कोल्ट्सने १९९८ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १९९९ मध्ये १६ पैकी १३ सामने जिंकले. खरे आहे. पण त्याच्या पहिल्या वर्षी कोल्ट्स तीनच सामने जिंकले होते, आदल्या वर्षीइतकेच. संघाने दम धरला, शेजारी चेंडू घेऊन धावणारा एजरिन जेम्ससारखा खेळाडू आणला, तेव्हा चित्र पालटले. कबड्डीत पुणेरी पलटणनेही मोहम्मदरझा शाडलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. मात्र अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत ही पोरे त्याआधीच तिथे एकत्र घडत होती. १ मार्च २०२४ रोजी पलटण विजेती झाली.

एकटा माणूस पुरतो का, हा प्रश्न नंदुरबारने वेगळ्या मैदानावर पाहिला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले डॉक्टर राजेंद्र भारूड इथे जिल्हाधिकारी म्हणून आले आणि करोनाची पहिली लाट ओसरत असतानाच त्यांनी ऑक्सिजनचे प्रकल्प उभारून घेतले. दुसऱ्या लाटेत ते कामी आले. म्हणजे एक माणूस पुरतो, असे नव्हे; त्यांनी मागे राहील अशी यंत्रणा उभी केली, म्हणून ते कर्तृत्व टिकले. २०२१ मध्ये त्यांची बदली झाली, पण प्रकल्प जिल्ह्यातच राहिले. उद्या याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा किंवा धडगावचा एखादा पोरगा कबड्डीच्या लिलावात उभा राहिला, तर घरच्यांनी बोलीच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रशिक्षक किती वर्षांसाठी आहे, आणि कोपऱ्यात कोण उभे राहणार.