खेळयंत्र, तबकडी आणि अहिराणी

टीव्हीला जोडलेल्या खेळयंत्रावरच घरातली गाणी ऐकावीत, चित्रपटही पाहावेत, ही कल्पना आता सवयीची झाली आहे. तिचा इतिहास बहुधा जपान-अमेरिकेतून सांगितला जातो. तो आपण जळगाव-धुळ्याकडून पाहिला, तर तंत्रज्ञानाविषयी एक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो.

राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले 'ओडिसी' हे घरगुती खेळयंत्र अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे १९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' आणला. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्या गावागावांत पोहोचल्या. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी तार खोचायची, चॅनेल जुळवायचे आणि गेमची 'कॅसेट' लावायची. नाव कॅसेट असले तरी आत फीत नसे, चिप असे. असे यंत्र फक्त खेळच दाखवू शके.

हे चित्र पालटले ते तबकडीमुळे. सीडीवरचे गाणे काय किंवा खेळ काय, दोन्ही अखेर अंकांचीच मालिका. लेझर किरण ती वाचतो. त्या अंकांचा अर्थ कसा लावायचा, हे यंत्रातील आज्ञावली ठरवते. म्हणून सोनीचे डिसेंबर १९९४ मधील 'प्लेस्टेशन' खेळांबरोबर गाण्यांच्या सीडीही वाजवू शकले. ४ मार्च २००० रोजी जपानात आलेले 'प्लेस्टेशन २' डीव्हीडीवरचे चित्रपटही दाखवू लागले. त्याची किंमत ३९,८०० येन होती. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महागच होते, त्यामुळे अनेकांना हा सौदा दुहेरी फायद्याचा वाटला.

आता खान्देशाकडे वळू. आपल्याकडे डीव्हीडीच्या आधी घरोघर पोहोचली ती व्हीसीडी. हिचे मानक १९९३ साली ठरले. 'एमपेग-१' पद्धतीने आकुंचित केलेले सुमारे ७४ मिनिटांचे चित्र एका साध्या सीडीवर मावे. दीडशे मिनिटांच्या चित्रपटाला अशा किती तबकड्या लागतील, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. भागाकार दोनपेक्षा किंचित अधिक येतो, म्हणजे तिसरी तबकडी हवीच!

चित्र थोडे पुसट दिसे, पण तबकडी काढणे स्वस्त होते. हा स्वस्तपणाच इथे कामी आला. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव आहे. तेथे नासिर शेख यांनी २००० साली स्थानिक कलाकारांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे तेथून खान्देशी विनोदी चित्रपटांच्या व्हीसीडी निघू लागल्या. अहिराणी गाण्यांनाही तबकडीचा आधार मिळाला. मोठ्या पडद्यावर जिला क्वचितच जागा मिळे, ती बोली अशा रीतीने घरच्या टीव्हीवर ऐकू येऊ लागली.

आणि नेमकी हीच तबकडी 'प्लेस्टेशन २' ला चालत नसे. हे यंत्र गाण्यांची सीडी वाजवी, जुन्या प्लेस्टेशनच्या सीडीवरचे खेळ चालवी. म्हणजे त्याच्या लेझरला सीडी वाचता येत होती. पण व्हीसीडी ओळखण्याची सोय मूळ आज्ञावलीत ठेवलेली नव्हती. ही सोय अशक्य होती असेही नाही. व्हीसीडी दाखवणारे पहिल्या प्लेस्टेशनचे एक पांढरे प्रारूप सोनीने आशियात विकले होते. साधा व्हीसीडी प्लेअर जे सहज करी, ते हे कितीतरी शक्तिमान यंत्र करीत नसे.

यंत्राची शक्ती एक, आणि बनवणाऱ्याने दिलेली मुभा दुसरी. घरातली सगळी करमणूक एका पेटीत आली की सोय होते, पण काय दिसेल आणि काय दिसणार नाही हेही ती पेटीच ठरवू लागते. २०२० मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन ५' च्या एका प्रकारात तर तबकडीची खाचच नाही. त्यात सारे काही इंटरनेटवरून येते.

खान्देशी विनोद आता यूट्यूबवर गेला आहे. तिथे त्याला पूर्वीपेक्षा मोठा प्रेक्षक मिळाला. पण जुन्या तबकड्यांवरचे सगळेच तिकडे गेले असेल असे नाही. त्यांतल्या घरी किंवा दुकानात नकललेल्या सीडींवरचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. जळगावचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहेच.

म्हणून शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी घरोघरच्या अहिराणी तबकड्यांची यादी करावी: नाव, वर्ष, कलाकार, आणि तबकडी अजून चालते का? शक्य तिथे निर्मात्यांच्या परवानगीने प्रत काढून ठेवावी. अंकांची मालिका आज वाचता आली, तर उद्याच्या कोणत्याही यंत्रासाठी तिचे रूपांतर करता येईल. थर एकदा गेला की मात्र कितीही शक्तिमान यंत्र आणले तरी उपयोग नाही.