असंख्येय : एका संख्येचे नाव

सुमेध तापसापासून सिद्धार्थापर्यंत बोधिसत्त्वाने 'चार असंख्येय व एक लक्ष कल्प' पारमिता पूर्ण केल्या, असे बुद्धवंसाची परंपरा सांगते. लोणी काळभोर येथील काही उपासकांनी यावर आम्हांस विचारले की, जे मोजता येत नाही ते चार कसे? प्रश्न मार्मिक आहे; त्याचे उत्तर श्रद्धेत नसून शब्दाच्या इतिहासात शोधावे लागते.

कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत असंख्येय ही निश्चित संख्या आहे. शंभर लक्ष म्हणजे कोटी. पुढे प्रत्येक पायरी कोटीपटीने चढते. पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोभिनी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद, अहह असे करीत विसावी पायरी असंख्येय. म्हणजे एकावर 140 शून्ये. (येथील 'बिंदु' म्हणजे शून्य नव्हे, ती एकावर 49 शून्यांची संख्या होय.) दहावी पायरी अहह, एकावर 70 शून्यांची, तिचा वर्ग म्हणजेच असंख्येय. 2 आणि 5 या दोनच मूळ संख्यांनी ती घडली असून तिचे विभाजक 141 गुणिले 141, म्हणजे 19,881 होतात. दृश्य विश्वातील अणूंची संख्या आजचे शास्त्रज्ञ एकावर सुमारे 80 शून्ये इतकी मानतात. मोजण्यासारखी एवढी वस्तूच नाही!

परंतु ही व्यवस्था बुद्धकालीन समजणे योग्य होणार नाही. सुत्तनिपातातील कोकालिक सुत्तात अब्बुद, निरब्बुद, अहह, पदुम ही नरकांची नावे असून तेथील आयुर्मर्यादा कोटीपटीने नव्हे, वीसपटीने वाढते. शब्द तेच, माप निराळे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात तर कल्पाच्या चार अवस्थांना असंख्येय म्हटले आहे ते वर्षांत मोजणे सोपे नाही, एवढ्याच अर्थाने. आमच्या मते हाच अर्थ जुना. वैयाकरणांनी शिडी रचली आणि तिच्या टोकावर तो शब्द बसविला. ललितविस्तरातही अर्जुन नावाच्या गणितज्ञासमोर बोधिसत्त्व कोटीपासून शंभरपटीने चढत तल्लक्षणापर्यंत, एकावर 53 शून्यांपर्यंत जातो. अशा संख्या विशालतेचे भान देतात. त्यांवरून कालगणना करणे, किंवा त्या मानल्या नाहीत म्हणून कुणास धम्माबाहेर समजणे, हे दोन्ही अनाठायी होय.

संघाचा प्रत्यक्ष हिशेब मात्र लहान व चोख असे. नाशिकच्या लेणे क्रमांक 10 मधील उषवदाताच्या लेखात 3000 कार्षापणांचे अक्षय दान नोंदले आहे. पैकी 2000 गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले होते. वर्षाचे व्याज 240 कार्षापण. वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12.